हिशेबाचे सॉफ्टवेअर एकाहून अधिक जणांसाठी बसवताना

हिशेब लिहिणारा माणूस एकच असतो तोवर कामाची बरीचशी शिस्त त्याच्या डोक्यातच असते. कोणते बिल अजून चढवायचे राहिले आहे, कोणती पावती चुकीच्या खात्यात गेली होती, बँकेच्या उताऱ्यातली कोणती रक्कम अद्याप जुळलेली नाही, हे सगळे त्याला आठवते आणि म्हणून ते कुठे लिहून ठेवावे लागत नाही. दुसरा माणूस त्याच वहीत लिहू लागला की ही आठवण पुरत नाही. मग दोन गोष्टी सॉफ्टवेअरकडूनच करून घ्याव्या लागतात. सर्वांना एकच आणि ताजी वही दिसली पाहिजे, आणि त्या वहीतली प्रत्येक नोंद कोणाच्या हातची आहे हे नंतर निर्विवादपणे कळले पाहिजे. पहिली गोष्ट नेटवर्कची आहे आणि ती एका दुपारी उरकते. दुसरी नावांची आणि अधिकारांची आहे. तिच्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते आणि पुढचे घोळ तिथूनच निघतात.

असा एक घोळ मी स्वतः निस्तरला आहे. एका कार्यालयात दोघे जण दोन संगणकांवरून हिशेब लिहीत होते, पण युजरनाव एकच होते, ‘अ‍ॅडमिन’. महिनाअखेरीस बँकेचा ताळमेळ घेताना ४,५०० चा फरक निघाला. शोधता शोधता लक्षात आले की आदल्या महिन्यातली १२,५०० ची एक पावती, जी तेव्हा बँकेशी जुळलेली होती, ती आता ८,००० ची झाली होती. सॉफ्टवेअरच्या बदलनोंदीत तारीख होती, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांची वेळ होती, आणि नावाच्या रकान्यात ‘अ‍ॅडमिन’ होते. दोघांनीही प्रामाणिकपणे सांगितले की आपल्याला काही आठवत नाही. छापील पावतीपुस्तक काढून पाहिल्यावर उलगडा झाला: दुरुस्ती दुसऱ्याच पावतीत करायची होती, क्रमांकातला एक अंक चुकला आणि भलतीच पावती उघडली गेली. यात कोणाची लबाडी नव्हती, पण मधला आठवडाभर दोन चांगली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत होती. प्रत्येकाचे युजरनाव वेगळे असते, तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. म्हणून या लेखात नेटवर्काइतकीच, किंबहुना त्याहून जास्त जागा मी नावांना आणि अधिकारांना दिली आहे.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हिशेबाच्या कामांची यादी कागदावर करावी. विक्रीची बिले करणे, खरेदीची बिले चढवणे, आलेले पैसे जमा दाखवणे, देणी भागवणे, बँकेचा ताळमेळ घेणे, पगाराच्या नोंदी, मालसाठ्यातील फेरफार, नवे खाते उघडणे, जुनी नोंद बदलणे, नोंद रद्द करणे आणि अहवाल पाहणे ही बहुतेक कोणत्याही छोट्या व्यवसायातली कामे आहेत. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्या माणसाचे नाव लिहावे आणि शेजारी, तो माणूस रजेवर असताना ते कोण करणार, हेही लिहावे. हा दुसरा रकाना लोक सोडून देतात, आणि मग पहिल्याच रजेच्या दिवशी एकाचा पासवर्ड दुसऱ्याला फोनवरून सांगितला जातो. एकदा असा सांगितलेला पासवर्ड परत कोणी बदलत नाही.

नावे लिहून झाल्यावर यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवावी आणि कोणती दोन कामे एकाच हातात एकत्र आली आहेत ते पाहावे. ज्याच्या हातात रोख रक्कम येते, त्यानेच बँकेचा ताळमेळ घेऊ नये. जो नव्या पुरवठादाराचे खाते उघडतो आणि त्याची बिले चढवतो, त्यानेच त्या पुरवठादाराला पैसे देण्यास अंतिम मंजुरी देऊ नये. जो मालसाठा मोजतो, त्याला साठ्याचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच बदलता येऊ नये. मोठ्या संस्थांमध्ये अशी कामांची विभागणी नियमाने होते. दोन-तीन माणसांच्या कार्यालयात ती पूर्णपणे करणे शक्य नसते, हे मला मान्य आहे. अशा वेळी मालकाने एक काम स्वतःकडे ठेवावे: बँकेचा उतारा थेट आपल्याकडे मागवून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा, त्या आठवड्यात बदललेल्या व रद्द केलेल्या नोंदींची यादी स्वतः डोळ्यांखालून घालावी. त्याला फार वेळ लागत नाही, आणि विभागणीतली उणीव त्यातून बऱ्याच अंशी भरून निघते.

याच कागदावर शेवटी एक आकडा लिहावा: एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण सॉफ्टवेअरमध्ये असतील? एकूण युजर किती, हा प्रश्न वेगळा. परवाना घेताना नेमके काय मोजले जाते हे प्रत्येक उत्पादनात निराळे असते. टॅलीप्राइमच्या ‘सिल्व्हर’ परवान्यावर एका वेळी एकाच संगणकावर काम करता येते, तर ‘गोल्ड’ परवान्यावर त्याच स्थानिक नेटवर्कवर हवे तितके जण बसू शकतात. क्विकबुक्सच्या डेस्कटॉप आवृत्त्यांपैकी ‘प्रो’मध्ये एका वेळी ३, ‘प्रीमियर’मध्ये ५ आणि ‘एंटरप्राइझ’मध्ये कमाल ४० जणांची सोय केलेली होती. झीरोसारख्या ऑनलाइन सेवेत युजरसंख्येवर मर्यादा नसते. आज दोघे असतील आणि वर्षभरात तिसरा येणार असेल, तर हिशेब तिघांचा धरावा. वर्षाच्या मध्यात उत्पादन बदलण्याचा त्रास परवान्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

मांडणी कोणती निवडावी

ढोबळमानाने तीन मांडण्या आहेत. पहिलीत हिशेबाची फाइल कार्यालयातल्या एका संगणकावर राहते आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून ती उघडतात. दुसरीत सॉफ्टवेअर आणि फाइल दोन्ही एकाच ताकदवान संगणकावर असतात आणि इतर जण रिमोट डेस्कटॉपने त्यावर येऊन काम करतात. त्यांच्या पडद्यावर फक्त चित्र येते, डेटा जागचा हलत नाही. तिसरीत सगळे काही सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि प्रत्येक जण ब्राउझरमधून लॉगिन करतो. सर्व जण एकाच छपराखाली बसत असतील तर पहिली मांडणी पुरते. एखादा माणूस घरून किंवा दुसऱ्या शाखेतून काम करणार असेल, तर दुसरी किंवा तिसरी निवडावी. पहिली मांडणी इंटरनेटवरून ताणायचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण अशा फाइलला प्रत्येक नोंदीमागे शेकडो छोटे वाचन-लेखन लागते आणि दूरच्या जोडणीवर ते रखडते किंवा अर्ध्यात तुटते.

चौथी एक मांडणी लोक आपणहून शोधून काढतात: हिशेबाची फाइल ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि दोघांनी आपापल्या संगणकावरून ती उघडायची. हे करू नये. या सेवा फाइलची प्रत दोन्हीकडे ठेवून बदल मागाहून जुळवतात. दोघांनी एकाच वेळी लिहिले की जुळवणी होत नाही, दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्यातली एक ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ अशा नावाने बाजूला पडते. सकाळी चढवलेली अकरा बिले दुपारी ‘गायब’ होतात ती अशी. हिशेबाच्या दोन फाइली नंतर एकत्र करणे हे पत्रव्यवहाराच्या दोन मसुद्यांसारखे सोपे नसते, कारण दोन्हींत तेच व्हाउचर क्रमांक वेगवेगळ्या व्यवहारांना लागलेले असतात.

निवडलेले सॉफ्टवेअर खरोखरच अनेक जणांसाठी बनवलेले आहे का, हेही तपासावे. ग्नूकॅश हे मोफत आणि उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण ते एका वेळी एकाच माणसासाठी आहे. फाइल उघडताच ते शेजारी एक कुलपाची फाइल तयार करते आणि दुसऱ्याला इशारा देते. डेटा मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय त्यात आहे म्हणून ते बहुवापरकर्ता होते, असा समज अनेकांचा असतो; तसे होत नाही. तो इशारा डावलून फाइल ‘तरीही उघडा’ असे सांगणे म्हणजे हिशेब बिघडवण्याची परवानगी देणे होय.

कार्यालयातल्या नेटवर्कवर बसवताना

पहिली मांडणी निवडली असेल तर यजमान संगणक, म्हणजे ज्यावर हिशेबाची फाइल राहणार तो, कोणता हे आधी ठरवावे. शक्यतो ज्यावर कोणी रोज बसत नाही असा संगणक निवडावा. जो माणूस त्यावर काम करतो तो सवयीने संध्याकाळी तो बंद करतो, आणि तेव्हा दुसऱ्या टेबलावर कोणाचे तरी व्हाउचर अर्धे भरलेले असते. या संगणकाला केबल लावावी, वाय-फाय नको. ज्या संगणकांवर नोंदी लिहिल्या जाणार त्यांनाही केबल असावी, कारण वाय-फाय क्षणभर तुटले तर वेबपान पुन्हा उघडता येते, पण तेवढ्यात फाइलमध्ये काही लिहिले जात असेल तर फाइल खराब होऊ शकते. यजमान संगणकाची निद्रावस्था पूर्णपणे बंद करावी, त्याला यूपीएस जोडावा, आणि विंडोजच्या अपडेटनंतर होणारा रिस्टार्ट कामाच्या वेळेत येणार नाही असे ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ लावून ठेवावेत. राउटरमध्ये या संगणकासाठी आयपी पत्ता राखून ठेवावा, म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलून सगळ्यांचा मार्ग चुकणार नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या संगणकावर साऱ्या व्यवसायाचा हिशेब राहणार तो तरी अशा जुन्या प्रणालीवर ठेवू नये. साध्या विंडोजवर, म्हणजे सर्व्हर नसलेल्या आवृत्तीवर, एका वेळी २० पर्यंत जोडण्या घेता येतात. छोट्या कार्यालयाला त्या पुरेशा आहेत.

डेटासाठी यजमान संगणकाच्या ड्राइव्हवर एक स्वतंत्र फोल्डर करावा. तो डेस्कटॉपवर किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसावा, कारण हे दोन्ही फोल्डर अनेकदा आपल्या नकळत वनड्राइव्हशी जोडलेले असतात, आणि मग वर सांगितलेली चौथी मांडणी आपोआपच उभी राहते. फोल्डरचे नाव छोटे आणि इंग्रजी अक्षरांत ठेवावे. लांबलचक नावांवर आणि इतर लिप्यांवर जुनी सॉफ्टवेअरे अजूनही अडखळतात.

आता हा फोल्डर शेअर करायचा. इथे विंडोज दोन वेगवेगळ्या ठिकाणी परवानग्या विचारते, आणि सर्वाधिक वेळ इथेच जातो. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘शेअरिंग’ नावाचा एक भाग आहे आणि ‘सिक्युरिटी’ नावाचा दुसरा. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला या दोन्हींपैकी जी परवानगी अधिक कडक असेल ती लागू होते. एकीकडे पूर्ण अधिकार दिला आणि दुसरीकडे फक्त वाचनाचा राहिला, तर फाइल उघडते, अहवालही दिसतात, पण पहिले व्हाउचर साठवताना सॉफ्टवेअर काहीतरी गूढ संदेश देऊन थांबते. असा अनुभव आला तर सॉफ्टवेअर पुन्हा बसवत बसू नये. आधी ‘सिक्युरिटी’त बदल करण्याची परवानगी आहे का ते पाहावे.

ही परवानगी ‘एव्हरीवन’ला देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मला तो अगदी अमान्य आहे. ज्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येते, त्याला अख्खी फाइल पेनड्राइव्हवर उचलून नेता येते किंवा पुसूनही टाकता येते, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला कोणताही पासवर्ड त्याला अडवू शकत नाही. म्हणून यजमान संगणकावर प्रत्येक माणसाचे विंडोज खाते पासवर्डसह उघडावे आणि फोल्डर फक्त त्या खात्यांना द्यावा. तसेही विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ‘प्रो’मध्ये पासवर्डविना पाहुणा म्हणून शेअर उघडणे मुळातच बंद केलेले आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीने उघडा ठेवलेला फोल्डर नव्या संगणकावरून दिसेनासा होतो. त्यावर उपाय म्हणून सुरक्षा सैल करणारे सल्ले मिळतात; ते ऐकू नयेत. विशेषतः एसएमबी १ हा नेटवर्कवर फाइली शेअर करण्याचा जुना प्रकार पुन्हा चालू करण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने याच प्रकारातल्या उणिवेचा फायदा घेतला होता.

यानंतर सॉफ्टवेअर सर्व संगणकांवर बसवावे. सगळीकडे आवृत्ती तंतोतंत तीच असली पाहिजे. एकाने घाईने अपडेट केले की बऱ्याच सॉफ्टवेअरांमध्ये फाइल नव्या स्वरूपात बदलली जाते आणि उरलेल्यांना ती उघडत नाही, म्हणून आपोआप होणारे अपडेट बंद ठेवून एक दिवस ठरवून सर्वांचे एकदम करावे. काही सॉफ्टवेअरांत यजमानपद वेगळे चालू करावे लागते. क्विकबुक्स डेस्कटॉपमध्ये ‘डेटाबेस सर्व्हर मॅनेजर’ यजमान संगणकावर बसवून डेटाचा फोल्डर त्यात नोंदवतात, आणि बहुवापरकर्ता यजमानपद फक्त त्याच एका संगणकावर चालू ठेवतात. चुकून दुसऱ्याही संगणकावर ते चालू राहिले तर दोन यजमान एकाच फाइलवर हक्क सांगतात आणि कोणालाच धड काम करता येत नाही. तिथे ‘एच२०२’ ही त्रुटी दिसली तर समजावे की आपला संगणक यजमानापर्यंत पोहोचत नाही, आणि यजमान चालू आहे का, त्याची सेवा चालू आहे का, फायरवॉल अडवत आहे का, या क्रमाने तपासत जावे. फायरवॉल सरसकट बंद करून ‘चालले’ म्हणू नये; त्यात फक्त या सॉफ्टवेअरला अपवाद द्यावा.

जुन्या एकट्या संगणकावरची फाइल यजमानाकडे हलवण्याआधी तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी (ट्रायल बॅलन्स), छापून घ्यावी. फाइल हलवून झाल्यावर प्रत्येक संगणकावरून तीच तेरीज काढावी आणि बेरजा, शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक व तारीख ताडून पाहावी. सगळीकडे तेच दिसले की जुन्या संगणकावरच्या फाइलचे नाव बदलून ती बंद ठेवावी किंवा तिथून काढूनच टाकावी. हे न केल्यामुळे महिनाभर दोन वह्यांत हिशेब लिहिला गेल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे: जुन्या संगणकावरच्या माणसाच्या सॉफ्टवेअरला जुना मार्ग लक्षात असतो, ते इमानेइतबारे जुनीच फाइल उघडते, आणि पडद्यावर व्यवसायाचे नाव तेच असल्यामुळे त्याला काही वेगळे वाटत नाही.

जोडणीची खरी परीक्षा दोघांनी शेजारी बसून घ्यावी. एकाने विक्रीचे बिल साठवावे आणि दुसऱ्याने लगेच ते आपल्या पडद्यावर शोधावे. मग दोघांनी एकच व्हाउचर बदलण्यासाठी उघडावे. चांगले सॉफ्टवेअर दुसऱ्याला थांबवते किंवा ‘ही नोंद दुसरा वापरत आहे’ असे सांगते. ते दोघांनाही साठवू देत असेल आणि नंतरच्याने आधीच्याचे पुसले जात असेल, तर हे त्याच दिवशी कळलेले बरे.

युजर आणि अधिकार

अ‍ॅडमिन हे युजर तयार करण्याचे आणि सेटिंग बदलण्याचे खाते आहे, नोंदी करण्याचे नव्हे. मालक स्वतः रोज बिले करत असेल तर त्यानेही त्यासाठी आपल्या नावाचे वेगळे, साधे खाते वापरावे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहून बंद पाकिटात, हिशेबाशी संबंध नसलेल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवावा, कारण मालक आजारी पडला म्हणून व्यवसायाची वही बंद पडून चालत नाही.

बाकी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते द्यावे. ‘काउंटर १’ किंवा ‘अकाउंट्स’ अशी नावे देऊ नयेत. काउंटरवर आज एक बसतो, उद्या दुसरा. बाहेरून येणाऱ्या हिशेबतपासनीसालाही वेगळे खाते द्यावे आणि त्याला शक्यतो फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा. त्याला समायोजनाच्या नोंदी करायच्या असतील तर तेवढाच एक व्हाउचर प्रकार उघडून द्यावा.

अधिकार ठरवताना कागदावरची यादी समोर घ्यावी आणि सुरुवात शून्यापासून करावी. सर्व काही खुले ठेवून एकेक गोष्ट बंद करत गेले की काहीतरी हमखास सुटते. सगळे बंद ठेवून ज्याला जे लागते ते उघडत गेले, तर पहिला आठवडा ‘मला हे दिसत नाही’ अशा तक्रारी येतात, पण त्या तक्रारींतूनच खरी गरज कळते. पाच अधिकारांवर विशेष विचार करावा: साठवलेली नोंद बदलणे, नोंद काढून टाकणे, मागील तारखेने नोंद करणे, खात्यांची मांडणी बदलणे, आणि संपूर्ण डेटा बाहेर काढणे किंवा त्याचा बॅकअप घेणे. शेवटचा अधिकार निरुपद्रवी वाटतो, पण त्यानेच ग्राहकांची पूर्ण यादी एका क्लिकमध्ये बाहेर जाते.

नोंद काढून टाकण्याचा अधिकार मी अ‍ॅडमिनव्यतिरिक्त कोणालाही देत नाही. चुकीची नोंद रद्द करावी किंवा उलट नोंदीने फिरवावी, म्हणजे क्रमांकांची साखळी अखंड राहते आणि चूक काय होती तेही दिसते. मागील तारखेचा प्रश्न कुलूपतारखेने सुटतो. महिन्याचा ताळमेळ झाला की त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतची वही बंद करावी. बहुतेक सॉफ्टवेअरांत ही तारीख पासवर्डसह लावता येते. वर सांगितलेली १२,५०० ची पावती ही एवढी एक तारीख लावलेली असती तर मुळात बदललीच गेली नसती.

दोन ठिकाणांहून बिले होत असतील तर प्रत्येक ठिकाणाला क्रमांकांची वेगळी मालिका द्यावी, म्हणजे कोणते बिल कुठले हे क्रमांकावरूनच कळते. नव्या ग्राहकाचे किंवा पुरवठादाराचे खाते उघडण्याचे काम मात्र एकाकडेच ठेवावे. दोघे जण खाती उघडू लागले की एकाच ग्राहकाची, नावातल्या एका अक्षराच्या फरकाने, दोन खाती होतात; बिल एकात आणि पैसे दुसऱ्यात जातात, आणि ज्याने वेळेवर पैसे भरले त्याला थकबाकीचे पत्र जाते.

अधिकार लावून झाल्यावर ते तपासायचे कसे? प्रत्येकाच्या खात्याने स्वतः लॉगिन करावे आणि त्याला जे करता येऊ नये नेमके तेच करून पाहावे. मागच्या महिन्याच्या तारखेने पावती साठवता येते का? पगाराचा अहवाल उघडतो का? मेनूमधून जो अहवाल दिसत नाही तो दुसऱ्या अहवालातील रकमेवर क्लिक करून खोल जाता जाता दिसतो का? ही शेवटची वाट बऱ्याच वेळा उघडी सापडते.

बदलनोंद म्हणजे कोणी, कधी, काय बदलले याची आपोआप राहणारी नोंद; ती पहिल्या दिवसापासून चालू असावी. मागाहून चालू केली तर आधीचे बदल तिला कळत नाहीत. बदललेल्या नोंदीचे जुने आणि नवे असे दोन्ही रूप ती दाखवते का, हे एक खोटे व्हाउचर बदलून पाहावे. शिवाय सर्व संगणकांची घड्याळे इंटरनेटवरून आपोआप जुळणारी ठेवावीत, कारण अनेक ठिकाणी नोंदीला वेळ त्या त्या संगणकाची लागते आणि एका संगणकाचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर घटनांचा क्रमच उलटा दिसतो.

बॅकअप आणि पुढची देखभाल

मूळ धरून डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी, हा जुना नियम इथेही लागू आहे. अनेक जण काम करत असताना नुसती फाइल कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली अवस्था कॉपी होऊ शकते, म्हणून बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सोयीने, सर्व जण बाहेर पडल्यावर घ्यावा. बाहेरची ड्राइव्ह बॅकअप झाल्यावर काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ फाइलबरोबर तिलाही कुलूप लावतो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून तेरीज काढावी. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. डेटा सांकेतिक करणारा पासवर्ड, उदाहरणार्थ टॅलीव्हॉल्टचा, हरवला तर तो कोणालाही परत मिळवून देता येत नाही, म्हणून तोही अ‍ॅडमिनच्या पाकिटात असावा.

डेटाची तपासणी, दुरुस्ती आणि नव्या आवृत्तीत रूपांतर यांसारख्या कामांना बरीच सॉफ्टवेअरे एकच युजर आत असण्याची अट घालतात. त्यासाठी आठवड्यातली एक वेळ सर्वांना आधीच सांगून ठेवावी. कोणाचे सॉफ्टवेअर उघडे राहिले तर त्याला दूरून बाहेर काढण्याआधी फोन करावा, कारण त्याच्या पडद्यावर न साठवलेले काही असू शकते.

ऑनलाइन सेवा निवडली असेल तर नेटवर्काचा सगळा भाग वाचतो, पण अधिकारांचा सगळा भाग तसाच लागू राहतो आणि त्यात एकाची भर पडते: प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची करावी, कारण या वहीचे दार जगातल्या कोणत्याही संगणकावरून ठोठावता येते. सेवा बंद करायची वेळ आली तर संपूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात मिळतो हेही एकदा डाउनलोड करून पाहावे.

एखादा माणूस काम सोडून गेला तर त्याचे खाते त्याच दिवशी निष्क्रिय करावे, पण काढून टाकू नये. काही सॉफ्टवेअरांत खाते काढले की जुन्या नोंदींवरचे त्याचे नावही जाते. यजमान संगणकावरचे त्याचे विंडोज खाते बंद करावे, रिमोट डेस्कटॉपचा प्रवेश काढावा, आणि त्याला माहीत असलेले सामाईक पासवर्ड, म्हणजे वाय-फायचा, कुलूपतारखेचा आणि बॅकअपचा, बदलावेत. मग पहिल्या दिवशी केलेला कामांचा कागद काढून त्याच्या नावाच्या जागी नवे नाव लिहावे, आणि नव्या माणसाला जुन्याचे खाते न देता त्याच्या स्वतःच्या नावाचे नवे खाते उघडून द्यावे.